रुग्णवाहिकेत शिकलेला माणूस बसवणारे डॉ. लारे

मागच्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक गृहस्थ बाकावर थांबून राहिले. तपासायचे कुणालाच नव्हते. त्यांचा मुलगा बारावी झाला होता आणि त्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या कोर्सची माहिती काढली होती. वडिलांच्या मनात शंका होती. शेवटी रुग्णवाहिकेवर बसायचेच काम ना, मग त्यासाठी वर्षानुवर्षे शिकायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. गाडी ड्रायव्हर चालवतो, उपचार रुग्णालयात डॉक्टर करतात. मधला माणूस नेमके करतो काय?

मी पाच मिनिटांत जमेल तेवढे सांगितले. त्यांचे समाधान झाले असावे असे वाटत नाही. त्यांच्यासाठी, आणि असाच प्रश्न पडणाऱ्या सगळ्यांसाठी, आज एका जुन्या डॉक्टरची गोष्ट सांगतो.

त्याआधी आमच्या अपघात विभागातली एक रोजची गोष्ट. जखमी आला की आम्ही दोन गोष्टी विचारतो. अपघात कधी झाला, आणि आणताना बरोबर कोण होते. दुसऱ्या प्रश्नाचे नातेवाइकांना नवल वाटते. पण मांडीचे हाड मोडलेल्या दोन माणसांचा विचार करा. एकाला चौघांनी हातापायांना धरून उचलले, टेम्पोच्या हौद्यात टाकले आणि खड्ड्यांतून आणले. दुसऱ्याच्या पायाला जागेवरच फळी बांधली, रक्तस्राव दाबून थांबवला, ऑक्सिजन लावला आणि मग हलवले. मांडीच्या हाडाभोवती आतल्या आतच लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. रस्ता तोच, अंतर तेच. पण आमच्या टेबलावर येणारे हे दोन रुग्ण वेगळे असतात. फरक असतो तो बरोबर कोण होते याचा.

हा फरक ओळखून त्यावर सबंध व्यवस्था उभी करणारे जे पहिले लोक होते, त्यांत सर्वांत मोठे नाव आहे डोमिनिक ज्याँ लारे यांचे. नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन. इतिहासाच्या पुस्तकात ते नेपोलियनच्या सावलीत उभे असतात. आमच्या क्षेत्रात मात्र त्यांची स्वतःची सावली फार लांबवर पडली आहे.

लढाई संपेपर्यंत थांबा

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरिनीज पर्वताच्या कुशीतल्या बोदेआं या खेड्यात झाला. वडील जोडे शिवत. ते लवकर गेले. तुलूझ शहरात काका अलेक्सी लारे नावाजलेले सर्जन होते. डोमिनिक त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या हाताखाली शरीररचना, जखमा आणि पट्ट्या शिकला. विशीत पॅरिस गाठले. तिथे नौदलात सर्जनची जागा मिळाली आणि लढाऊ जहाजावरून थेट न्यूफाउंडलंडपर्यंतचा प्रवास घडला. पण त्यांना बोट भयंकर लागायची. एका सफरीनंतर त्यांनी समुद्राला रामराम ठोकला आणि पॅरिसला परत येऊन देसो या त्या काळच्या मोठ्या सर्जनकडे शिक्षण पुढे सुरू केले. तोवर फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला होता.

१७९२ मध्ये फ्रान्सचे युद्ध सुरू झाले आणि लारे ऱ्हाइन नदीवरच्या सैन्यात दाखल झाले. तिथे त्यांनी जे पाहिले ते त्या काळी सगळ्यांना अगदी नेहमीचे वाटत होते. सैन्याचा फिरता दवाखाना लढाईच्या जागेपासून निदान एक लीग, म्हणजे चार-पाच किलोमीटर मागे ठेवायचा, असा नियम होता. लढाई संपली की मग जखमी गोळा करायचे. जड खटारे, घोड्यांची वानवा, चिखलाचे रस्ते. गाड्या पोहोचेपर्यंत चोवीस ते छत्तीस तास सहज जात. तोवर रक्तस्रावाने, तहानेने, थंडीने बहुतेक जण गेलेले असत. सैन्य हरून मागे हटले तर जखमी तिथेच राहत.

याला आणखी एक बाजू होती. एक जण पडला की त्याला उचलून नेण्याच्या निमित्ताने तीन-चार धडधाकट सैनिक रांग सोडून मागे जात. त्यांची भीती समजण्यासारखी होती. पण त्यांना जखमीला कसे धरायचे हेही ठाऊक नव्हते, आणि सेनापतीच्या दृष्टीने एका जखमीपायी चार बंदुका कमी होत.

लारे यांनी त्याच सैन्यात घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा पाहिल्या. हव्या त्या ठिकाणी धावत जाणारा, मारा करून पुन्हा जागा बदलणारा तो उडता तोफखाना होता. तोफा इतक्या वेगाने पुढे जाऊ शकतात, तर पट्ट्या का नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. त्यांनी वरिष्ठांपुढे योजना मांडली आणि परवानगी मिळवली. नाव दिले उडती रुग्णवाहिका. आज आपण अँब्युलन्स म्हटले की डोळ्यांपुढे गाडी येते. त्या काळी फ्रेंच सैन्यात या शब्दाचा अर्थ होता सैन्याबरोबर हिंडणारे सबंध इस्पितळ. म्हणजे उडत होती ती नुसती गाडी नव्हती. माणसे, अवजारे आणि उपचार मिळून उडत होते.

गाडी किती, माणसे किती

या कल्पनेला पूर्ण आकार आला तो १७९७ मध्ये, इटलीच्या मोहिमेत. तिथे लारे यांनी जे पथक बांधले त्याचा तपशील त्यांच्या आठवणींमध्ये नोंदलेला आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. एकूण सुमारे ३४० माणसे. त्यांच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ११३ जणांच्या. प्रत्येक तुकडीकडे बारा हलक्या आणि चार जड गाड्या. म्हणजे सोळा गाड्यांमागे शंभरावर माणसे.

गाडीची रचना विचारपूर्वक केलेली होती. दोन चाकांच्या, दोन घोड्यांच्या गाडीत दोन जखमी आडवे झोपू शकत. आतून गादी लावलेली, बाजूला छोट्या खिडक्या, आणि तळाची फळी लहान चाकांवर सरकणारी, म्हणजे जखमीला न हलवता फळीसकट आत-बाहेर करता यावे. आज आमच्या दारात रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर सरकत बाहेर येतो तेव्हा त्यामागे हीच जुनी युक्ती असते. डोंगराळ भागात चार चाकांच्या मोठ्या गाड्या वापरत, त्यांत चार जण मावत.

पण खरी गंमत माणसांच्या यादीत आहे. तुकडीचा प्रमुख सर्जन. त्याच्या हाताखाली कमी-अधिक अनुभवाचे साहाय्यक सर्जन. हिशेब आणि सामान पाहणारे अधिकारी. घोड्यावरचे परिचारक, पायी चालणारे परिचारक. शस्त्रक्रियेची अवजारे सांभाळणारा कर्णेवाला. आणि पट्ट्यांची पिशवी वाहणारा ढोलकरी पोरगा. प्रत्येकाचे काम ठरलेले. घोडेस्वारांच्या खोगिराला पट्ट्या आणि औषधे. पथक ऐन लढाईत पुढे जायचे, जखमीपर्यंत पोहोचायचे, रक्त थांबवायचे, पट्टी बांधायची आणि मग त्याला उचलायचे. क्रम असा होता. आधी उपचार, मग वाहतूक. आणि वाहतूक सुरू असतानाही जवळ जाणकार माणूस.

अशी माणसे बाजारात मिळत नव्हती, ती घडवावी लागत. म्हणूनच लारे यांच्या आयुष्यात लढायांच्या बरोबरीने शिकवणीचे वर्ग सारखे येत राहतात. १७९६ मध्ये पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात ते शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकवू लागले. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले, तर कैरोमध्ये तरुण सर्जनांसाठी वर्ग उघडला. पुढे बर्लिन फ्रेंचांच्या ताब्यात आले, तर तिथेही व्याख्याने दिली. सैन्याचा मुक्काम पडला की त्यांच्या लेखी शाळेची वेळ झाली.

इजिप्तमध्ये वाळूत चाके रुतायची. तेव्हा त्यांनी उंटाच्या दोन्ही बाजूंना माणूस पाय पसरून झोपू शकेल एवढ्या पेट्या टांगल्या. गाडी बदलली, पण पद्धत तीच राहिली. आपल्याकडे दुर्गम पाड्यांवरून बाळंतिणीला झोळी करून आणतात, तेव्हा मला हे उंट आठवतात. वाहन परिस्थितीप्रमाणे काहीही असू शकते. झोळीबरोबर चालणाऱ्याला काय येते, यावर पुष्कळ काही ठरते.

आधी कोण?

अपघात विभागात नातेवाइकांचा सर्वांत जास्त राग कशावर असेल, तर आमच्यानंतर आलेल्याला आधी घेतले यावर. हा राग मी तीस वर्षे पाहतो आहे. त्यामागचे तत्त्व लारे यांचेच आहे.

त्या काळी सैन्यात आधी अधिकारी, मग शिपाई असाच रिवाज होता. शत्रूच्या जखमीचा नंबर बहुधा लागतच नसे. लारे यांनी नियम केला की सर्वांत धोक्यात असलेल्याला आधी हात लावायचा. त्याचा हुद्दा पाहायचा नाही, तो कुठल्या बाजूचा तेही पाहायचे नाही. किरकोळ जखमेच्या सरदाराने पोट फाटलेल्या शिपायामागे थांबायचे. सम्राटाच्या सैन्यात हे बोलणे आणि रोज पाळणे सोपे नव्हते.

आज याला आम्ही ट्रायाज म्हणतो. निवडणे, वेगळे काढणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो शब्द आला. मोठा अपघात झाला की रुग्णांना लाल, पिवळी, हिरवी, काळी अशी खूण लावतात. लाल म्हणजे लगेच. हिरवा थांबू शकतो. आणि जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो बहुधा लाल नसतो, कारण ओरडायला श्वास आणि शुद्ध दोन्ही लागते. गप्प पडलेल्याकडे आधी बघायचे, ही सवय शिकून, सराव करूनच येते. नवख्या माणसाची पावले आपसूक आवाजाकडे वळतात.

लारे यांचा दुसरा आग्रह वेळेचा होता. हाड पूर्ण चिरडले असेल, तर पाय किंवा हात पहिल्या चोवीस तासांतच कापावा, दिवसचे दिवस वाट पाहू नये, असे त्यांचे मत होते. तेव्हा अनेक सर्जन थांबा आणि पाहा या मताचे होते. जंतूंची कल्पना कुणालाच नव्हती. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया यायला अजून निम्मे शतक होते. भूल नव्हती. ईथरचा जाहीर वापर १८४६ मधला, लारे यांच्या मृत्यूनंतरचा. त्यामुळे सर्जनचा हात किती वेगाने चालतो यावर रुग्णाच्या वेदना ठरत. लारे यांनी केवळ निरीक्षणावरून ताडले की उशिरा कापलेले लोक जास्त मरतात. आज आपण हात-पाय कापण्यापेक्षा वाचवतो, पण मेलेला भाग आणि घाण लवकरात लवकर काढायची, हा धडा कायम आहे.

१८१२ मध्ये रशियात बोरोदिनोची लढाई झाली. तिथे लारे यांनी चोवीस तासांत स्वतः सुमारे दोनशे अवयवछेदनाच्या शस्त्रक्रिया केल्या असे नोंदवले आहे. हा आकडा वाचताना मला कौतुकाआधी शिसारी येते. तंबूबाहेर काय साचले असेल याची कल्पना करवत नाही.

बर्फ आणि एक मोठी चूक

थोर माणसांच्या चुका झाकू नयेत, विशेषतः वैद्यकात. १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाऊच्या लढाईत कडाक्याची थंडी होती. लारे यांच्या लक्षात आले की गारठलेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करताना सैनिकांना वेदना कमी होतात. निरीक्षण बरोबर होते. थंडीने नसा बधिर होतात.

त्यांनी दुसरेही पाहिले. गोठलेले सैनिक शेकोटीला हातपाय लावून बसत आणि मग त्यांची बोटे काळी पडून सडत. हेही निरीक्षण खरे. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही, आणि वितळून पुन्हा गोठले की इजा अधिकच होते. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला. गोठलेला भाग बर्फाने चोळावा, हळूहळू ऊब आणावी, असा सल्ला त्यांनी दिला. त्यांच्या नावाचे वजन एवढे, की हा सल्ला पुढे शंभर-सव्वाशे वर्षे पुस्तकांत टिकला आणि किती बोटे त्यापायी गेली असतील कोण जाणे. आज आपण बरोबर उलट सांगतो. चोळायचे नाही, आगीजवळ न्यायचे नाही. पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा ठिकाणी नेऊन ३७ ते ३९ अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवायचा. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रशिक्षण एकदा घेऊन संपत नाही ते यामुळेच. गुरूने शिकवलेलेही तपासून पाहावे लागते, बदलले की नव्याने शिकावे लागते.

दोन हजार पोरांचे हात

लारे यांच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग शस्त्रक्रियेचा नाही. तो आहे १८१३ चा. रशियातून परतताना नेपोलियनचे सैन्य धुळीला मिळाले होते. नवी भरती झाली ती कोवळ्या, जेमतेम शिकवलेल्या पोरांची. जर्मनीतल्या लढायांनंतर दिसून आले की दोन हजारांहून अधिक सैनिकांच्या हातांना आणि बोटांना जखमा आहेत. वरिष्ठांना संशय आला की लढाई टाळण्यासाठी या पोरांनी स्वतःच्याच हातावर गोळ्या झाडल्या. नेपोलियन संतापला. असा गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा मरणाची होती.

लारे यांना चौकशीत घेतले. सम्राटाला काय ऐकायचे आहे हे उघड होते, आणि बाकीचे तेच सांगायला तयार होते. लारे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक करून सगळे हात तपासले. जखम कुठून आत गेली, कुठल्या दिशेने बाहेर पडली, जवळून झाडल्याची खूण आहे का. निष्कर्ष निघाला की पोरे निर्दोष आहेत. तीन ओळींत उभे राहून गोळीबार करताना मागच्या नवशिक्यांच्या बंदुका पुढच्यांच्या उचललेल्या हातांना लागत होत्या. दोष धाडसाच्या अभावाचा नव्हता, शिकवण कमी पडल्याचा होता. लारे यांनी तसा लेखी अहवाल दिला. आपली गच्छंती होणार, असे गृहीत धरूनच दिला असावा. झाले उलटेच. नेपोलियनने तो मानला, त्यांचा सन्मान केला आणि तनखा बांधून दिला.

वैद्यकीय दाखल्यावर सही करताना दबाव येतो, तेव्हा आमच्या पिढीतल्या सरकारी डॉक्टरांनी हा प्रसंग आठवावा. एका सहीवर दोन हजार जीव टांगलेले होते.

वर्गातल्या ओळखीने वाचलेला जीव

सैनिकांचे लारे यांच्यावर प्रेम होते ते फुकट नव्हते. १८०९ मध्ये डॅन्यूब नदीतल्या लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकले, अन्न संपले. तेव्हा लारे यांनी घोडे मारून त्यांचे सूप करायला लावले. भांडी नव्हती म्हणून घोडेस्वारांची चिलखते चुलीवर चढली, आणि मीठ नव्हते म्हणून बंदुकीची दारू चिमूटभर टाकली. त्यात अधिकाऱ्यांचेही घोडे होते आणि त्यावरून तक्रारी झाल्या, अशी हकिकत सांगतात. त्याच वर्षी त्यांना बॅरन हा किताब मिळाला.

१८१२ च्या नोव्हेंबरात बेरेझिना नदीवरच्या पुलावर माघार घेणाऱ्यांची चेंगराचेंगरी झाली. लोक एकमेकांना तुडवत होते, नदीत पडत होते. त्या गर्दीत कुणीतरी लारे यांना ओळखले, नाव पुकारले, आणि जीव वाचवायला धडपडणाऱ्या त्याच सैनिकांनी त्यांना हातोहात उचलून पलीकडे पोहोचवले.

वॉटर्लूला, १८ जून १८१५ रोजी, नशीब फिरले. लारे जखमी झाले आणि प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. अंगलट आणि पेहराव पाहून त्यांना नेपोलियनच समजले गेले, असे सांगतात. गोळ्या घालायचे ठरले. डोळ्यांना पट्टी बांधायची वेळ आली तेव्हा एका प्रशियन सर्जनने चेहरा ओळखला. त्याने बर्लिनमध्ये लारे यांची व्याख्याने ऐकली होती. प्रकरण सेनापती ब्ल्यूखरपर्यंत गेले. ब्ल्यूखरच्या मुलावर पूर्वी कैदेत असताना लारे यांनीच उपचार केले होते. त्यांची सुटका झाली. शत्रूच्या मुलांना शिकवणे आणि शत्रूच्या जखमींना तपासणे, ही दोन्ही कामे त्यांनी त्या दिवसाचा विचार करून केली नव्हती.

पुढची वर्षे साधी गेली. राजेशाही परतल्यावर तनखा बंद झाला, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला. रुग्णालयातले काम आणि लेखन चालू राहिले. नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेल्यांत सर्वांत सच्छील माणूस म्हणून त्यांची नोंद केली. पत्नी चार्लोट चित्रकार होती. युद्धांच्या वर्षांत त्यांचे सहजीवन बव्हंशी पत्रांतूनच चालले. मुलगा इपोलित हाही लष्करी सर्जन झाला. १८४२ मध्ये, पंचाहत्तरी गाठलेले लारे मुलाला घेऊन अल्जीरियातल्या लष्करी रुग्णालयांच्या तपासणीला गेले. परतीच्या वाटेवर, २५ जुलै रोजी, लियाँ शहरात त्यांचे निधन झाले. पत्नी तीनच दिवस आधी गेली होती.

रस्त्यावर यायला दीडशे वर्षे

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. लारे यांच्या पथकाची कीर्ती झाली, पण ती युद्धापुरती राहिली. युद्ध संपले की शिकवलेली माणसे घरी गेली. गाड्यांची नक्कल पुष्कळांनी केली. माणसे घडवण्याची नक्कल फार सावकाश झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ मध्ये डॉ. जोनाथन लेटरमन यांनी रुग्णवाहिकांसाठी वेगळे, कवायत केलेले दल उभारले. जर्मनीत कील इथे १८८२ मध्ये सर्जन एस्मार्क यांनी सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवणारी शाळा काढली. त्यांनी ती कल्पना इंग्लंडमधल्या सेंट जॉन अँब्युलन्सच्या वर्गांवरून घेतली होती.

तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेसारख्या देशात कित्येक गावांत जखमींना नेण्याचे काम अंत्यविधीच्या कंपन्यांच्या गाड्या करत, कारण माणूस आडवा नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. पिट्सबर्ग शहरात ते काम पोलिसांच्या व्हॅनकडे होते. १९६७ मध्ये त्याच शहरात डॉ. पीटर सफार यांनी, कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना निवडून, सुमारे तीनशे तासांचे खडतर शिक्षण दिले. श्वासमार्ग मोकळा करणे, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणे, रक्त थांबवणे, बाळंतपण करणे. फ्रीडम हाऊस या नावाने ती सेवा ओळखली गेली. ज्यांना समाजाने नोकरीला नालायक ठरवले होते त्यांनी शहरातल्या सर्वांत चांगल्या आपत्कालीन सेवेचा नमुना घालून दिला. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी तिथल्या अनुभवावर पॅरामेडिकचा जो अभ्यासक्रम रचला तो त्या देशभरासाठी पाया ठरला. आणि १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद करून स्वतःची सुरू केली, तेव्हा याच तरुणांतल्या अनेकांना बाजूला सारले गेले, हेही सांगायला हवे. काम आवडते, पण काम करणाऱ्याला मान द्यायला जड जाते, हा अनुभव एकट्या आपल्याकडचा नाही.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर बसवण्याची पद्धत आली. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला आणि त्याच्या यादीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला जागा मिळाली. कागदावर मान आला. लोकांच्या मनात अजून यायचा आहे. आजही पुष्कळ ठिकाणी पांढरी गाडी, वर दिवा आणि आत फक्त ड्रायव्हर अशी रुग्णवाहिका धावताना दिसते. लारे यांच्या हिशेबाने तिला जखमी वाहणारा खटारा म्हणावे लागेल, फक्त वेगवान.

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात आम्ही डॉक्टर रुग्णालयातून तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. पोहोचू शकतो तो रुग्णवाहिकेवरचा माणूस, आणि त्याच्याही आधी शेजारी उभे असलेले तुम्ही. म्हणून दोन गोष्टी करता येतील. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे आणि रक्तस्राव थांबवण्याचे प्रशिक्षण प्रत्येकाने एकदा तरी प्रत्यक्ष घ्यावे. आणि अपघातग्रस्ताला मदत करायला घाबरू नये. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने २०१९ पासून संरक्षण दिले आहे. गंभीर जखमीला, विशेषतः मानेला किंवा पाठीला मार असण्याची शक्यता असेल तर, आग किंवा वाहतुकीचा धोका नसताना ओढाताण करून हलवू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा.

त्या मुलाच्या वडिलांना मी शेवटी एवढेच सांगितले होते की उद्या तुमच्याच घरी रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर तिच्यातून कोण उतरावे असे तुम्हाला वाटेल याचा विचार करा. ते काही बोलले नाहीत. परवा त्यांचा मुलगा आला होता, प्रवेशासाठी लागणारा वैद्यकीय दाखला घ्यायला.